साडेसात हजारात अंगणातली बाग: आंजर्ल्याच्या बाजूच्या एका घराची केस

घर माझ्या मामीचं. दापोली तालुक्यात, आंजर्ल्यापासून जवळ, समुद्र दिसत नाही पण रात्री गाज ऐकू येते इतकं. मामा मुंबईची नोकरी संपवून कायमचे गावी आलेत, घराला नवीन पत्रा झालाय, आणि मामीचं म्हणणं एकच, की गणपतीला अख्खं खानदान येतं, फोटो काढतात, आणि फोटोत मागे नुसता लाल चिखल आणि निळा ड्रम दिसतो. तर अंगणाचं काहीतरी कर. पैसे किती, तर काजू बी विकून आलेले ७,५००. त्याच्यावर एक रुपया नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि आजूबाजूच्या दोन-चार घरांच्या बागा लावून दिल्यात, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलं. ज्यांना असंच थोडक्या पैशात काही करायचंय त्यांनी अनेकदा विचारलं म्हणून नीट सगळं लिहितोय, काय केलं, कशाला किती लागले, काय टिकलं, काय गेलं.

आधी जागा. अंगण २२ बाय १६ फूट, म्हणजे ३५२ चौरस फूट. पश्चिमेला बेडं, म्हणजे अंगणात शिरायचं फाटक, तिथून सरळ समोर पायऱ्या आणि पडवी, पडवीत झोपाळा. तुळशीवृंदावन बरोबर मध्यात नाही, जरा डावीकडे. डाव्या अंगाला विहीर आणि खाली उतारावर पोफळी. उजव्या अंगाला न्हाणी, तिचं पाणी मोकाट वाहायचं. माती लाल, जांभ्यावरची, कुदळ मारली की वीतभर खाली टण्ण आवाज. मामांनी आधी पेव्हर ब्लॉकवाल्याला विचारलं होतं, त्याने चौरस फुटाला ६५ सांगितले, म्हणजे जवळपास २३ हजार, मग मामा गप्प बसले. मला तर बरंच वाटलं, कारण कोकणात पेव्हर घातलेलं अंगण एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं आणि पावसात फटींतून गवत येतंच, मग माणसं तणनाशक मारत बसतात.

आता लोक सुरुवात कुठून करतात, तर नर्सरीतून. रंगीत कुंड्या, चार शोभेची झाडं, प्लास्टिकचं कुंपण, झाले तीन हजार खर्च, आणि जुलैमध्ये त्यातलं अर्धं कुजतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, नंतर फेब्रुवारी ते मे ठणठणीत. म्हणजे एकाच जागेवर चार महिने तळं आणि चार महिने भाजलेलं खापर. इथली बाग सुंदर दिसणार की नाही ते फुलांवर नाही ठरत, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्याच्यावर ठरतं, म्हणून मी मामीला पहिल्यांदाच सांगितलं की निम्मे पैसे अशा गोष्टीत जाणारेत जी फोटोत दिसणार नाही. मामी म्हणाली, "मग मला काय दिसणार रे?" मी म्हटलं बघ तू.

मे महिना होता, पाऊस नव्हता, पण पावसाच्या खुणा सगळ्या असतात, फक्त बघायच्या. पागोळ्या पडतात तिथे मातीत सरळ रेघ खोदली गेलेली, चौथऱ्यावर लाल शिंतोडे हातभर उंच, आणि वाळलेलं शेवाळ काळं पडून जिथे जिथे चिकटलंय तिथे पाणी साचतं हे उघड. शिवाय विहिरीचं पाणी काढून अंगणात चार ठिकाणी हंडाभर ओतलं आणि ते कुठे धावतं त्याच्यावर राखेने रेघ मारली. ती रेघ बेड्यापासून वळत तुळशीच्या मागून विहिरीकडे जात होती. तीच रेघ पुढे बागेचं डिझाइन झाली. कागदावर मी काहीच काढलं नाही. मामांना आधी पटलं नाही, वाट सरळ हवी, माणूस घरात येताना वाकडा कशाला चालेल म्हणाले. पण वाट वळते तेव्हा १६ फुटाचं अंगण मोठं वाटतं, कारण सगळं एकदम दिसत नाही, तुळशीच्या आड थोडं राहतं. आणि मुख्य म्हणजे बाग कुठून बघायची, तर झोपाळ्यावरून. बसलेल्या माणसाची नजर साडेतीन-चार फुटांवर असते, त्यामुळे जवळ बुटकं आणि लांब उंच असं लावावं लागतं. लोक उभं राहून बाग आखतात आणि मग बसल्यावर समोर नुसती कुंडीची कड दिसते.

सामान. इथे मी हट्टीपणा केला तो असा की सामान तीनच प्रकारचं: जांभा, जुनी कौलं आणि बांबू. चौथं काही आणायचं नाही. रंगवलेले टायर, टायरचे हंस, दारूच्या बाटल्या उलट्या पुरणं, जुनी सायकल पिवळी करून त्यात सदाफुली, हे सगळं लोक "कलात्मक" म्हणून करतात, स्वस्त असतं हे खरं, पण दहा प्रकारचं सामान एका अंगणात आलं की भंगारवाल्याची वखार दिसते, कितीही रंग मारा. तीन प्रकारचं सामान आणि तेही त्याच मातीच्या रंगाचं असलं की फुटकं असलं तरी मुद्दाम केल्यासारखं दिसतं. स्वस्त बागेचं बहुतेक गणित इथेच आहे.

कौलं फुकट मिळाली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी घरांची कौलं उडाली, लोकांनी नंतर पत्रे घातले, आणि उरलेली मंगळुरी कौलं परसात रचून ठेवलेली आहेत ती अजून तशीच. मामीची पण होती, शेजारच्यांनी पण घेऊन जा म्हणून सांगितलं. ही कौलं म्हणजे भारी वस्तू आहे, मंगळुरात बासेल मिशनने १८६५ ला कारखाना काढला तेव्हापासून या किनाऱ्यावर ती चालत आली, चांगली भाजलेली असतात, मातीत पुरली तरी वर्षानुवर्षं विरघळत नाहीत. काही कौलांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का उठलेला असतो, ती मी वेगळी काढून पायरीच्या कडेला शिक्का वर करून बसवली. येणारी पोरं वाकून वाचतात.

चिरे, म्हणजे जांभ्याचे घडवलेले दगड, मात्र विकत. अख्खा चिरा परवडत नव्हता, पण खाणीवर तुटके, कोपरे उडालेले तुकडे बाजूला टाकलेले असतात ते १५ रुपयाला एक मिळाले, ३० घेतले, ४५० झाले, टेम्पोला ७००. म्हणजे मालापेक्षा भाडं जास्त, त्यामुळे दोन घरांनी मिळून आणलं तर बरं पडेल.

मजुरी सगळ्यात मोठी. दोन गडी दोन दिवस, ६५० ने २,६०० गेले. हे ते न दिसणारे पैसे. पागोळ्यांच्या बरोबर खाली फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर खणला, विहिरीच्या दिशेने उतार ठेवून, आणि तो फुटक्या कौलांच्या तुकड्यांनी भरला, मोठे तुकडे खाली, बारीक वर, बाहेरच्या कडेला चिऱ्यांची एक ओळ. आता पागोळी तुकड्यांवर पडते, माती उडत नाही, पाणी आतून सरकतं आणि पोफळीच्या पाटाला मिळतं. भिंत पहिल्या पावसाळ्यात स्वच्छ राहिली. आणि गंमत म्हणजे तो लाल तुकड्यांचा पट्टा दिसायला पण सुंदर झाला, भिजला की गडद होतो, ऊन पडलं की फिका. मामीला जे "दिसणार नाही" वाटलं होतं तेच सगळ्यात आधी लोकांच्या नजरेत आलं.

वाट उरलेल्या चिऱ्यांची, मध्ये चार-चार बोटं मातीची फट ठेवून. चिरा बसवताना घडवलेली गुळगुळीत बाजू खाली आणि खडबडीत वर, नाहीतर जुलैत शेवाळ येऊन म्हातारी माणसं घसरतात. तरी शेवाळ येतंच, खराट्याने आठवड्यातून एकदा घासावं लागतं. चालायच्या जागेवरचं घासायचं, उभ्या कडांवरचं ठेवायचं, ते हिरवं मखमली दिसतं आणि फुकट आहे.

आता यातली खरी कलाकारी जी म्हणतात ती. वाटेच्या आणि पडवीच्या मध्ये एक मोकळी जागा राहत होती, साधारण सात बाय पाच फुटाची. मामीला तिथे लॉन हवं होतं. लॉनची गादी विकत आणायची, रोज पाणी घालायचं, आणि मे महिन्यात विहिरीला तळ लागलेला असताना, शक्यच नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, कातळशिल्पं आहेत ना, उक्षीचा हत्ती, कशेळीचा तो प्रचंड हत्ती ज्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती मी शाळेच्या मुलांना घेऊन बघून आलोय. तिथे रंग नाही, काही नाही, नुसती कातळात कोरलेली रेघ, आणि तेवढ्या रेघेवर अख्खा हत्ती उभा राहतो. नक्कल करायची नव्हती पण रेघेवर काम भागवायचं ही गोष्ट तिथली. म्हणून त्या जागेत कौलांचे तुकडे उभे पुरून एका पाकटाची (पाकट म्हणजे चपटा, पंखांसारख्या अंगाचा समुद्री मासा) आकृती काढली, रुंद पंख आणि लांब वळलेली शेपटी, शेपूट वाटेपर्यंत जाते. कौल अर्धा फूट आत आणि दोन बोटं वर. आधी सुतळी आणि खुंट्यांनी आकार आखला, झोपाळ्यावर बसून बघितलं, पंख बारीक वाटला म्हणून वाढवला, मग पुरलं. बसून बघणं महत्त्वाचं, कारण जमिनीवरची आकृती तिरकी बघताना चेपलेली दिसते, म्हणून ती लांबीला मुद्दाम ताणावी लागते, रस्त्यावर लिहिलेली अक्षरं ताणतात तशी.

आणि पाकटाच्या आत काय, तर दूर्वा. शेताच्या बांधावरून मुळांसकट उपटून आणल्या, पहिल्या पावसात वीतभर अंतरावर टोचल्या, श्रावण येईपर्यंत भरून गेल्या. लॉनचं काम पण झालं आणि गणपतीला जुड्या करायला दूर्वा दारात. कौल अर्धा फूट खोल पुरायचं कारण पण हेच, दूर्वा खालून सरपटतात, कड उथळ असली तर मासा दोन महिन्यांत ढगासारखा पसरेल. उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडतात, पडू द्यायच्या, मृगाला परत फुटतात. विळ्याने पंधरा दिवसांनी कापायच्या. चुलतभाऊ म्हणाला बाहेर पांढरी खडी टाक म्हणजे मासा उठून दिसेल. खडी नाही टाकली, मामीच्या स्वयंपाकातल्या तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या टाकल्या, धुऊन उन्हात वाळवून, वर्षभराच्या एका डब्यात जमलेल्या. पण त्या फक्त शेपटीच्या बाजूला. शिंपली म्हणजे चुनाच, आपली जांभ्याची माती आंबट, एक्झोरा आणि अनंत यांना ती आंबट मातीच मानवते, त्यांच्या बुडाशी शिंपल्या टाकल्या की हळूहळू पानं पिवळी पडायला लागतात. सिमेंटच्या चौथऱ्याला खेटून लावलेल्या एक्झोराचं पण तेच होतं, लोक खत घालत राहतात. दोन फूट लांब लावा. आणि हो, किनाऱ्यावरची वाळू आणू नका, उचलायला बंदी आहे ती एक गोष्ट, आणि खारट असते, झाडं मरतात.

झाडांना १,००० रुपये ठेवले होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमं खात्रीची मिळतात, तिथून सोनचाफ्याची दोन कलमं आणि एक अनंत घेतला, बाकी पैसे मोगरा आणि एक्झोरात गेले. विकत घ्यायची फक्त ती झाडं जी फांदीने पटकन होत नाहीत. उरलेलं सगळं मागून आणलं, आर्द्रा लागल्यावर म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात फांदी टोचली की कोकणात काठीसुद्धा फुटते. जास्वंद, तगर, कोरांटी, क्रोटन फांदीने, कर्दळ, हळद, सोनटक्का गड्ड्याने, अबोलीची रोपं शेजारच्या काकूंकडून. रोपं करायला प्लास्टिकच्या पिशव्या पण घेतल्या नाहीत, पोफळीच्या गळलेल्या विऱ्यांचे, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद आवरणांचे, द्रोण करून त्यात माती भरली, विरी मातीत कुजून जाते, रोप मूळ न हलवता लावता येतं.

रंगाबाबत मामीशी भांडण झालं. जमीन लाल, चिरे लाल, कौलं लाल, त्याच्यावर लाल-गुलाबी फुलं लावली तर काही दिसतच नाही. म्हणून पडवीच्या जवळ नुसतं पांढरं: तगर, अनंत, मोगरा, मागे सोनटक्का, संध्याकाळी अंधार पडायला लागल्यावर पण ही फुलं दिसतात आणि वास तेव्हाच सुटतो, माणसं झोपाळ्यावर बसतात ती पण तेव्हाच. अबोली बेड्याजवळ. मामीला क्रोटन पाहिजे होते, सगळ्या रंगांचे, अंगणभर एक-एक. शेवटी तोडगा असा निघाला की क्रोटन सगळे पण एकाच ठिकाणी, न्हाणीच्या भिंतीला, दाट. एक-एक ठेवले की डोळ्यात खुपतात, तीच दहा एकत्र आली की वाकळ पसरल्यासारखी भिंत दिसते. तिथेच न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि एक केळ. अळवाचं मोठं पान आणि पुढे बारीक पानाचे नेचे, ही मोठ्या-लहान पानांची जोडी फुलं नसतानाही बाग भरलेली दाखवते. फुलं येऊन जातात, पान बाराही महिने असतं.

मांडव माणग्याच्या बांबूचा, १२ बांबू ६० ने, ७२० रुपये. जमिनीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं, होड्यांच्या लाकडाला लावतात तेच, वाळवी लवकर धरत नाही. हातमोजे घालून लावा, कातडी भाजते, एका गड्याला माहीत होतं म्हणून त्याने ब्रशच लांब काठीला बांधला. तेल आणि सुंभ मिळून २५० लागले. मांडवावर गोकर्ण आणि पडवळ. पडवळाच्या टोकाला छोटा दगड बांधला की ते सरळ लांब वाढतं हे गावात सगळ्यांनाच माहीत आहे, पण मी दगडांच्या जागी फुटक्या कौलाचे गोल घासलेले तुकडे बांधले, पंधरा-वीस पडवळं वेगवेगळ्या उंचीवर लोंबतायत आणि प्रत्येकाखाली एक लाल चकती. गणपतीत सगळ्यात जास्त फोटो याचे निघाले, आणि नंतर भाजी खाल्ली.

वृंदावनाला मामांनी ऑइलपेंट आणून ठेवला होता, तो परत करायला लावला. जांभा ओल खेचतो, वर ऑइलपेंटचा पापुद्रा असला की ओल आत अडकते आणि दिवाळीपर्यंत पोपडे. चुना दिला, चुनकळी रात्रभर भिजवून, गाळून, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून, खालच्या भागाला गेरू. चुना, गेरू, डिंक मिळून २८० रुपये. दरवर्षी परत द्यावा लागतो पण दिवाळीच्या आधी वृंदावन रंगवतातच. शेणखताची पोती ५००.

हिशोब लावला तर ६,५०० झाले. उरलेले १,००० मी मामीला मुद्दाम हात लावू दिले नाहीत, पहिला पावसाळा होईपर्यंत. जुलैत बेड्याजवळचे तीन चिरे खचले, तिथे जुनी भरावाची माती होती, ८०० ची खडी आणून खाली भरली. हे होणारच असतं कुठे ना कुठे. ज्यांनी सगळं बजेट मेमध्येच संपवलंय ते मग ऑगस्टमध्ये उसने मागतात.

काय गेलं ते पण सांगतो. मामीने स्वतःच्या हौसेने ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावला होता, तो पहिल्या मोठ्या पावसात सडला, त्याला पावसाळ्यात छपराखालीच ठेवायचं, ऑक्टोबरला बाहेर. झेंडूची रोपं गोगलगायींनी एका रात्रीत साफ केली, राख टाकून उपयोग नाही, पावसात वाहून जाते, बॅटरी घेऊन रात्री वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. दुसऱ्यांदा पेरलेला झेंडू दसऱ्याला मिळाला. वांदर जास्वंदीच्या कळ्या खातात, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कुणाकडेच नाही. भावाने हर्णै बंदरातून जुनं जाळं आणलं होतं झाडांवर टाकायला, ते जमिनीला टेकवून लावू दिलं नाही, नायलॉनमध्ये साप अडकून मरतात आणि जिवंत अडकलेला साप सोडवणं हा वेगळाच कार्यक्रम, हात-दीड हात वर उचलून बांधलं. वादळवाऱ्यात आंब्याची एक फांदी पडली, तिच्यावर सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, होती, ती मूळ न सोडवता फांदीच्या तुकड्यासकट एका सोडणाला (नारळाच्या सालीला) बांधून पडवीच्या खांबाला टांगली. पुढच्या मेमध्ये फुलली. हे पडलेलंच उचलायचं बरं का, जिवंत झाडावरून ओरबाडून आणायचं नाही.

उन्हाळ्याचं. सोनचाफ्याच्या दोन्ही कलमांशेजारी गळकी मडकी तोंडापर्यंत पुरलीत, ती दोन दिवसाआड भरायची, वर करवंटीचं झाकण, नाहीतर डास. झाडांच्या बुडाशी सोडणं पालथी रचलीत, पण ती आधी आठवडाभर पाण्यात भिजवून, त्यांचं तांबडं पाणी दोनदा ओतून टाकून. मांडवाच्या बांबूपासून मात्र लांब, नाहीतर वाळवीला सरळ रस्ता मिळतो. एवढ्यावर मे महिना निघाला, एक मोगरा सोडून सगळं जगलं.

ज्यांचं घर अगदी पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून आहे, मुरुड-कर्द्याच्या पहिल्या रांगेत, त्यांनी यातली झाडांची यादी घेऊ नका. खाऱ्या वाऱ्यात अनंत आणि सोनचाफा करपतात. तिथे कण्हेर, पांढरा चाफा, बोगनवेल, आणि समुद्राच्या बाजूला सुरूची किंवा केवड्याची आड, मग तिच्या मागे बाकीचं. चर, चिरे आणि कौलांची रेघ मात्र तिथेही चालेल, फक्त तिथे मातीऐवजी पुळण असल्यामुळे कौल फूटभर खोल पुरायला लागेल, नाहीतर कुत्रा एकदा लोळला की माशाचा पंख गेला.